लालसूला द्यायचा निरोप

भाऊजी,

तुमचा निरोप अर्धाच पोचला.

हे आधी सांगतो, कारण परत आलेल्या रनरनं आधी हेच सांगायचं असतं. पाणी नंतर, बूट सोडणं नंतर. तुम्हीच शिकवलं होतं. आज दुपारी मी भामरागडाकडून बल्लारपूरला आलो तेव्हा बाई दारातच उभी होती. तिनं विचारलं, "भेटला का लालसू?" मी म्हणालो, भेटला. "सांगतलं का मंग?" मी खाली वाकून वहाणेचा अंगठा सोडवत बसलो. माझी सख्खी बहीण ती, तुमची बायको. तिला उत्तर देता आलं नाही म्हणून तुम्हाला लिहायला बसलो आहे.

तुम्ही कुठं जन्मलात, कधी भरती झालात, छातीवर कोणते बिल्ले होते, ते मी लिहिणार नाही. ते तुमच्या डिस्चार्जच्या कागदावर आहे आणि तो कागद बाईनं तांदळाच्या डब्यात ठेवला आहे. मला वेगळंच लिहायचं आहे. मी तुमच्याशी काय केलं, ते.

तुम्ही पलटणीत रनर होता. गोळीबारात टेलिफोनची तार तुटली की निरोप घेऊन माणूस धावे, तो माणूस तुम्ही. आणि एकटे कधीच नाही. रनर जोडीनं जात. तुमची जोडी लालसूशी. तो भामरागडकडचा माडिया गोंड, आलापल्लीला सागवान तोडायला आलेला. तुम्ही दोघं एकाच दिवशी भरतीच्या रांगेत उभे राहिलात आणि ब्रह्मदेशाच्या जंगलात एकत्र धावलात. साहेब निरोप सांगे, तोंडानं. कागद नाही, कागद भिजतो, दुश्मनाच्या हाती लागतो. सांगून झालं की साहेब म्हणे, "परत म्हण." तुम्ही तीनदा म्हणायचं, लालसूनं तीनदा म्हणायचं, मग शंभर पावलांचं अंतर ठेवून निघायचं. पुढचा पडला तर मागच्याच्या तोंडात तोच निरोप जिवंत. दोघं पोचले तर दोघांनीही सांगायचा. आणि ऐकणाऱ्यानं "पोचला" म्हटल्याशिवाय जागेवरून हलायचं नाही.

ही सवय तुम्ही घरी आणलीत. बाई म्हणे, "पावभर मिरची, चार आलू, आन् येता येता लोहाराकडून विळा." तुम्ही दारात टाचा जुळवून उभे: पावभर मिरची, चार आलू, लोहाराकडून विळा. तीनदा. शेजारच्या बाया पदर तोंडाला लावून हसत. तुमच्या लग्नात गुरुजी म्हणाले, "उजव्या हातात अक्षता घ्या," आणि तुम्ही सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं परत म्हणालात, "उजव्या हातात अक्षता घेतो!" गुरुजी दचकले. आमची आई मला म्हणाली, "जवाई बरा हाय ना रे डोक्यानं?" मी तेव्हा शाळेत होतो. मला मात्र तुम्ही फार आवडलात. मोठ्यांनी आमच्यासारख्या पोरांचं बोलणं आधी नीट ऐकून घ्यावं असा तेव्हा रिवाजच नव्हता. तुम्ही मी बोललेलंही परत म्हणून दाखवत होता.

मग मी चांद्याला गेलो, छापखान्यात खिळे जुळवायला लागलो आणि पत्रकं लिहू लागलो. माझं पहिलं गाजलेलं पत्रक फौजेवर. मथळा मला अजून पाठ आहे: "मोठी फौज कोणासाठी?" मी लिहिलं होतं, पलटणी लहान करा. जिथं दहा माणसं मरायला उभी करता तिथं एक यंत्र ठेवा. खेचरं हटवा, ट्रक आणा. धावणारी माणसं हटवा, वायरलेस आणा. वाचलेली माणसं शेतात आणि शाळेत पाठवा. बाजाराच्या दिवशी मी ते ओरडून वाटलं. एक प्रत तुम्हालाही धाडली, पलटणीच्या पत्त्यावर. किती अभिमानानं धाडली!

पुढच्या हिवाळ्यात तुम्ही ट्रंक खांद्यावर घेऊन दारात उभे.

"काऊन भाऊजी, रजा किती दिवसांची?"

"आता रजाच रजा." तुम्ही ट्रंक टेकवलीत आणि हसलात. "तुहं पत्रक मंजूर झालं बे. साऱ्या पलटणीची मांडणी बदलली. हर कंपनीले एक वायरलेसचा सेट भेटला. खेचरवाले गेले, झेंडीवाले गेले, आता रनर बी गेले. लालसू तं पहिल्याच यादीत गेला, साल झालं. दुसऱ्या यादीत मी."

बाई चुलीपुढं बसली होती. तिनं माझ्याकडं पाहिलं, नुसतं पाहिलं.

तुम्हाला काढल्याचा राग होता का, हे मी कितीदा विचारलं. तुम्ही दर वेळी एकच सांगत होता. यादी फळ्यावर लावली होती. हवालदारानं बोट दाखवलं, तुम्ही आपलं नाव वाचलंत आणि बराच वेळ तिथंच उभे राहिलात. "दहा-बारा साल हर हुकूम मी परत म्हणला. त्या दिवशी मले कोणी 'परत म्हण' म्हणलं नाई." मला ते बोलणं तेव्हा भाबडं वाटलं. मी म्हणालो, भाऊजी, हा मुद्दा नाही. मुद्दा हा की माणसाला न विचारता माणूस कमी केला. तुम्ही म्हणालात, "मी तेच सांगून राह्यलो." आणि मी ऐकलं नाही, कारण माझ्या डोक्यात दुसरं पत्रक सुरू झालं होतं.

ते दुसरं पत्रक. "यंत्राला सलामी, माणसाला नारळ." तुम्ही तोवर कोळशाच्या खाणीवर कामाला लागला होता आणि त्यात मी तुम्हाला घातलं. नाव नाही घातलं, पण बल्लारपुरात कोणीही ओळखावं असं. खाणीवर कोळशाच्या वाघिणी भरणारा वीर, ज्याची जागा एका पेटीनं खाल्ली. वायरलेसच्या सेटला मी राक्षस केलं. दोन वर्षांपूर्वी मीच त्या राक्षसाची वरात काढली होती, हे मी सोयीनं विसरलो.

खाणीवर कोणीतरी ते तुमच्या हातात दिलं. मी रविवारी आलो तेव्हा तुम्ही अंगणात बाजेवर बसला होता, पत्रक मांडीवर.

"वाच."

मी वाचलं. चांगलं दणक्यात वाचलं.

"परत म्हण."

परत वाचलं.

"परत."

तिसऱ्यांदाही वाचलं. मग तुम्ही विचारलंत, "याच्यात माहा एक तरी शब्द हाय का?"

"शब्द माझे आहेत, भाऊजी. भावना तुमची आहे."

"माही भावना तुले कोणी सांगतली? सेटमंदी खोट नाई बे."

"पावसात बॅटरी बसते, हे तुम्हीच सांगितलं होतं!"

"बसते ना. बसली का सेट चूप राह्यते. खोटं तं नाई बोलत."

मी चिडलो. म्हणालो, तुम्हाला ज्यांनी हाकललं त्यांच्या पेटीची वकिली करता? सेटला निरोप सांगता येतो, पण निरोपासाठी मरता येतं का? मग तुम्ही नाल्याची गोष्ट सांगितलीत, अर्धवट, जमिनीकडं बघून. ब्रह्मदेशात एकदा तुमच्या आणि लालसूच्या निरोपात फरक पडला. तिघं जण नाल्यात उतरले ते वर आले नाहीत.

"कोण चुकलं?" मी विचारलं.

"माणूस चुकला. सेट राह्यता तं नसता चुकला." आणि तुम्ही उठून बैलाला पाणी पाजायला गेलात. बैल शेजाऱ्याचा होता.

त्यानंतर सगळा पावसाळा आपण धड बोललो नाही. मी येत होतो, बाईच्या हातचं खात होतो, तुम्ही "ये पत्रक्या" म्हणत होता आणि बस. मला वाटे, भाऊजींची फौजी आज्ञाधारकता अजून गेली नाही. मी ती घालवणार होतो. वेळ पुष्कळ आहे असं मी समजून होतो.

मग हिवताप आला. खाणीच्या चाळीत तो दर वर्षी येतो, या वर्षी तुमच्या डोक्यात चढला. बाईनं मला बोलावणं धाडलं. मी सकाळच्या गाडीनं आलो तेव्हा तुमचे डोळे पिवळे होते, पण शुद्ध पुरी होती. बाई डॉक्टरांच्या दवेसाठी गेली होती. घरात आपण दोघंच.

तुम्ही म्हणालात, "लालसूले निरोप द्याचा हाय. तू जाशीन?"

मी खिशातून कागद काढला, पेन्सिल काढली.

"कागद ठेव. तोंडी घे."

"भाऊजी, कागद पक्का असतो. तुम्ही बोला."

तुम्ही बोललात. तीन वाक्यं. मोजून तीन, ते मला पक्कं आठवतं, कारण प्रत्येकानंतर तुम्ही दम घेत होता आणि मी तेवढ्यात लिहीत होतो. मी लिहीत होतो, भाऊजी, ऐकत नव्हतो. पत्रक लिहिणाऱ्याचा हात कसा चालतो ते तुम्हाला ठाऊक नाही. समोरचा बोलतो आणि हात त्याचं बोलणं धुऊन, इस्त्री करून कागदावर मांडतो. तुमच्या पहिल्या वाक्याशी माझी पेन्सिल क्षणभर अडली होती. मला वाटलं, हे तापातलं बोलणं. गरीब माणूस मरतानाही स्वतःलाच दोष देतो. हेच तर मी प्रत्येक पत्रकात लिहितो, की दोष स्वतःला देऊ नका, तो वर बसलेल्यांना द्या. तुमच्या शेवटच्या शब्दांत मी असली गुलामी राहू देणार नव्हतो. मी ती दुरुस्त केली.

तुमचं संपलं. तुम्ही माझ्याकडं बघितलंत. "परत म्हण."

"लिहिलं आहे, भाऊजी. आता पडा."

"परत म्हण ना बे."

मी कागदाची घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. तुमच्या कपाळावरचं फडकं बदललं. प्रेमानं बदललं, हे खोटं नाही. तुम्ही भिंतीकडं तोंड केलंत. बाई दवा घेऊन आली तेव्हा तुम्ही बोलायच्या पलीकडं गेला होता, आणि चूल पेटायच्या वेळेला सगळंच संपलं.

तेरवी झाली आणि मी निघालो. आष्टीला डोंग्यानं वैनगंगा ओलांडली, आलापल्लीपर्यंत सागवानाच्या रिकाम्या ट्रकवर बसलो, पुढं दोन दिवस पायी. वाटेत नाले होते. पाणी उतरलं होतं तरी छातीला लागे. मी कागद डोक्यावरच्या फडक्यात बांधून नेला. एक थेंब लागू दिला नाही. इतका जपला तो कागद! वाटभर मला वाटत होतं की मी तुमच्यासारखाच चाललो आहे, आणि शंभर पावलांवर मागून तुम्ही येता आहात.

लालसू खळ्यावर धान मळत होता. माझ्या मनात त्याचं रूप तरण्या माणसाचं होतं. केस पांढरे निघाले. मी जोहार केला आणि म्हणालो, महादेवभाऊ गेले. त्यानं बैल थांबवले. रडला नाही, बस म्हणाला नाही. दोन्ही टाचा जुळवून उभा राहिला, तुम्ही दारात उभे राहत होता तसाच.

"निरोप हाय?"

मी कागद सोडला आणि वाचला. काय वाचलं ते इथं लिहितो. मला लाज वाटावी म्हणूनच लिहितो. "प्रिय लालसू, ज्या व्यवस्थेनं यंत्रासाठी तुला आणि मला बाहेर काढलं, तिच्या चुकीची शिक्षा आपण भोगली. चूक आपली नव्हती. आपल्यासारख्या सर्वांनी एक व्हावं, हीच माझी अखेरची इच्छा."

लालसू थांबला. पुढं काही येईल म्हणून थांबला. मग म्हणाला, "हे महादेव बोल्ला?"

"हो. म्हणजे... आशय त्यांचा."

"गलती कोणाची म्हणे तो?"

"आपली नव्हती म्हणाले."

तो खळ्याच्या कडेला दगडावर बसला आणि म्हणाला, "इतकी सालं वाट पाह्यली मी. मराच्या दिवशी बी हेच बोल्ला?"

मग नाल्याची उरलेली गोष्ट मला त्यानं सांगितली. त्या दिवशी हुकूम होता: पलीकडून दिवा दिसला तरच नाला उतरा. तुम्ही पुढं होता. धापा टाकत पोचलात आणि म्हणालात, "नाला उतरा." दिवा तुमच्या तोंडातून गळला. मागून लालसू आला, त्यानं पुरा निरोप सांगितला. सुभेदार म्हणाला, या जंगल्याला हिंदी तरी कळते का? आणि माणसं उतरवली. नंतर चौकशी झाली तेव्हा तुम्हाला विचारलं. तुम्ही म्हणालात, मी पुराच सांगितला होता. लालसूनं येऊन गडबड केली. लालसूच्या नोकरीच्या बुकात लाल शाईनं शेरा पडला. पलटण लहान करायची वेळ आली तेव्हा पहिली यादी लाल शेऱ्यांची निघाली.

"त्याच्यानंतर बी माह्या बाजूला धावला तो, चार साल," लालसू म्हणाला. "मी एक डाव विचारलं नाई त्याले. म्हणलं, निरोप त्याच्यापाशी हाय. आज ना उद्या आणून देईनच तो."

भाऊजी, तेव्हा मला ऐकू आलं. त्या खळ्यावर उभा असताना, इतक्या दिवसांनी, तुमचं पहिलं वाक्य तुमच्याच आवाजात ऐकू आलं. पेन्सिल जिथं अडली होती ते वाक्य.

मी म्हणालो, त्यांची तीन वाक्यं होती, ती मी बदलली, आणि कागद फाडला. टाचा जुळवल्या. म्हणालो, "गलती माही होती, लालसू."

तो उठून उभा राहिला. "परत म्हण."

"गलती माही होती, लालसू."

"परत."

तिसऱ्यांदा म्हणालो. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तो ताठ होता. त्यानं पुढं विचारलं, "फिर? तीन होते म्हणतं ना?"

आणि माझ्याकडं काही नव्हतं. दुसरं वाक्य "नाल्यात" असं सुरू होत होतं, एवढंच. तिसऱ्यात कोणाचं तरी नाव होतं. बाईचं असेल, त्या तिघांपैकी कोणाचं असेल. त्या नावाच्या जागी मी "आपल्यासारख्या सर्वांनी" लिहिलं होतं. मी आठवायचा प्रयत्न केला आणि दर वेळी माझंच छापील वाक्य समोर आलं.

मी म्हणालो, "दादा, एवढंच आहे. पोचला म्हणा ना."

"नाई." रागानं नाही म्हणाला; पलटणीत जसं सांगतात तसं सांगितलं. "अर्धा निरोप पोचला म्हणलं तं काय होते, ते नाल्यात पाह्यलं आम्ही." मग त्यानं मला घरामागं नेलं. तिथं एक लांबट दगड आडवा पडला होता, ताजा खणून आणलेला. तो म्हणाला, त्यांच्यात मेलेल्याच्या नावानं दगड उभा करतात. हा त्यानं स्वतःसाठी आणून ठेवला होता. तो महादेवला देईन म्हणाला. "पन आडवा राह्यते सध्या. तू उरलेलं आठव, मंग ये. दगड कुठी जात नाई."

निघताना त्यानं तुंब्यातलं पाणी दिलं आणि विचारलं, "तूच का तो पत्रक्या?" मी हो म्हणालो. "महादेवची चिठ्ठी आली होती एकदा. लिहलं होतं, पोरगा चांगला हाय, ऐकाची आदत लागाची हाय फक्त."

मी अजूनही म्हणतो की फौज लहान असावी. माणसाच्या जागी पेटी मेली तर बरंच. ज्यांनी यादी फळ्यावर लावली आणि उभ्या माणसाला एक शब्द विचारला नाही, त्यांच्यावरचा माझा राग तिळभर कमी झालेला नाही. पण तुमचं म्हणणं मला आता कळलं. सेट बसला तर गप्प राहतो. ऐकलेलं सुधारत नाही. तुमच्या खाटेजवळ त्या दिवशी मी नसतो आणि एक सेट असता, तर तुमचा निरोप कसाबसा खरखरत का होईना, जसाच्या तसा गेला असता. आणि लालसूचा दगड आज उभा असता.

बाईला मी आत्ता सगळं सांगितलं. नाल्याचंही. ती भिंतीकडं वळली, तुम्ही तोंड केलं होतं त्याच भिंतीकडं. मग म्हणाली, "मले कधी नाई सांगतलं यायनं. तुले सांगतलं, आन् तू..." पुढचं तिनं गिळलं. तेही मला ऐकू आलं.

तुमची बाज तिनं अजून उभी केलेली नाही. मी तिच्या पायथ्याशी बसलो आहे, त्या दिवशी बसलो होतो तिथंच. हा कागद संपला की पेन्सिल बाईकडं देऊन टाकणार आहे. हात रिकामे ठेवतो. तोंडी घेतो, भाऊजी. एक शब्द गाळणार नाही, एक घालणार नाही.

परत म्हणा.